समुद्राकडे कलणारी रेघ

नाताळच्या सुट्टीत मुंबईहून मचव्याने मांडव्याला उतरलो, तेव्हा आमचा नेहमीचा गाडीवान नामा बैल जुंपून उभा होता. एरवी मी पिशवी ठेवायच्या आत तो गावातली बित्तंबातमी सुरू करतो. त्या दिवशी नुसतेच बैल हाकले. चढ संपला तेव्हा बैलांकडे बघतच म्हणाला, "दादा, आपलं मास्तर गेलं. परवाच्या दिशी." कुठले मास्तर, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या गावात मास्तर म्हणजे ओक हेडमास्तर... सकाळी मुलांचा खेळ घेऊन आले, पाय धुतले, छत्री खुंटीला अडकवली आणि पडवीत जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. फार वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या गाडीत बसल्या बसल्या मला आधी आठवली ती त्यांची छत्री, आणि डोळे पुसता पुसता हसू फुटलं. महिना उलटून गेला तरी त्यांची आठवण अशी हसतच येते आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. आमचं गाव थळच्या जरा खालच्या अंगाला, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळं पसरलेलं. शाळेला अंगण होतं, पण सुपाएवढं. मास्तर बदलून आले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "समोर एवढं मैदान पडलंय आणि तुम्ही जागा नाही म्हणता?" मैदान म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी पुळण. तेव्हापासून आमची शाळा घड्याळावर चालायची बंद झाली आणि पाण्यावर चालू लागली. सकाळी ओहोटी असली की आधी खेळ, मग शाळा. दुपारी असली की आधी शाळा. एकदा तपासणीला डिपुटीसाहेब आले तर शाळेत चिटपाखरू नाही. साहेब तणतणत किनाऱ्यावर आले. मास्तरांनी शांतपणे त्यांना नमस्कार केला आणि आट्यापाट्यांत एका पाटीवर गडी कमी आहे असं सांगितलं. साहेबांनी आधी डोळे वटारले, मग बूट काढले. पुढे त्यांचा शेरा काय पडला कोण जाणे, पण जाताना त्यांच्या धोतराचा सोगा ओला होता, हे मी स्वतः पाहिलं आहे.

खेळ आट्यापाट्यांचा. त्याला ना चेंडू लागतो ना बॅट, लागतात फक्त रेघा. आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदत जाणारी लांबच लांब सूरपाटी. पाटीवरच्या गड्याने रेघेबाहेर पाय न टाकता समोरच्याला अडवायचं. सूरपाटीवरचा गडी सगळ्यांत चपळ हवा, कारण त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं असतं, आणि तेही पायांकडे न बघता, समोरच्यांवर नजर ठेवून. ह्या रेघा मास्तर रोज स्वतः आखीत, छत्रीच्या टोकाने, ओल्या वाळूत. लहानपणी पोफळीवरून पडल्यामुळे त्यांचा डावा पाय आखूड होता. उत्तरेकडच्या एका उंच माडावर नजर रोवायची आणि एक खांदा टाकत, छत्री ओढत निघायचं. पावसात मात्र छत्री काखेत आणि मास्तर चिंब. ओककाकू म्हणायच्या, "छत्री असून भिजणारा नवरा माझ्याच नशिबी कसा आला, कळत नाही."

या खेळात वाडीवाल्यांची मुलं होती, शेतकऱ्यांची होती, कोळीवाड्यातली होती. खेळ तर शिवाशिवीचा. साहजिकच आमच्या घरी आत्याने सोवळ्याचा मुद्दा काढला. मास्तरांनी वाद घातला नाही. खेळ संपला की सगळ्यांनी समुद्रात डुंबून मगच घरी जायचं, असा नियम केला. समुद्रस्नान करून आलेल्या मुलाला आत्या तरी काय बोलणार? आम्हाला काय, खेळावर पोहणं फुकट.

आमच्या सूरपाटीवर होता पोशा, कोळीवाड्यातल्या धाकू नाखव्याचा मुलगा. पळण्यात वारा, आणि हिशेबात तर मास्तरांचाही हात धरणारा. जिच्यावर मास्तरकी मिळते त्या सातवीच्या परीक्षेला त्याला बसवायचं, हे मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण नाखव्याला होडीवर हात हवा होता. पोरगा दणकट झालाय, वाचायला येतंय, आणखी शाळा कशाला, असं त्याचं म्हणणं. मास्तर वेळ काढत राहिले. शेवटी अलिबागेला शाळाशाळांचे सामने ठरले, तेव्हा नाखवा म्हणाला, "सामना बगतो. मंग पोर माजा." मास्तर आठवडाभर नीट जेवले नाहीत, असं काकू सांगत.

अलिबागेचं मैदान बघूनच आम्ही दबकलो. दोरी लावून आखलेल्या फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघा. खेळ सुरू झाला, पोशा बाणासारखा सुटला आणि निम्म्या वाटेवर पंचांची शिट्टी. पाय बाहेर. पुन्हा सुटला, पुन्हा शिट्टी. आमच्या आडव्या पाट्यांवरही तीच गत. समोरच्या मुलांनी लोणांवर लोणं चढवली. पोशा रडकुंडीला आला होता. नाखवा बांधावर बसून खाली मान घालून पायाने माती उकरत होता... डाव संपल्यावर मास्तर मैदानात शिरले. वाकून पाहू लागले. पोशाच्या पावलांनी फक्की विस्कटली होती. दर खेपेला एकाच जागी, एकाच बाजूला. मास्तर त्या उमटलेल्या पावलांवरून लंगडत लंगडत टोकापर्यंत गेले, आणि तिथेच मटकन बसून हसायला लागले. आम्हाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. आमच्या पुळणीवरची प्रत्येक सूरपाटी मध्यावर समुद्राकडे कलत होती, त्यांच्या आखूड पायाच्या बाजूला; आडव्या पाट्याही तशाच वाकत. तेवढ्या उघड्या किनाऱ्यावर ते आमच्या काय, त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या डावात आम्ही बरे खेळलो, पण सामना हरायचा तो हरलोच. नाखवा उठून आला. "मास्तर, इतकी वरसां पोर शालंत धारला, त्याला सरल धावता पन येत न्हाय?"

मास्तर म्हणाले, "नाखवा, चूक पोराची नाही. रेघ माझी वाकडी. मी जे जे शिकवलं ते सगळं तो शिकला, माझं लंगडणंसुद्धा."

नाखव्याने त्यांच्या पायाकडे पाहिलं. मग पोशाकडे. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "जो मास्तरचा लंगडा पाय पन शिकतो, तो बाकीचा बी शिकंल. ऱ्हाऊ दे शालंत."

परतीच्या गाडीत हरलेल्या मुलांनी एवढी गाणी म्हटलेली नामाने तरी कधी ऐकली नसतील. दुसऱ्या दिवशी नाखवा जाळ्याच्या दोरीचं एक वेटोळं शाळेत टाकून गेला. तेव्हापासून मास्तर दोरी ताणून तिच्या कडेने छत्री ओढू लागले आणि आमच्या रेघा सुतासारख्या सरळ झाल्या. शाळेच्या कपाटात ढाल कधी आली नाही. त्या जागी दोरीचं वेटोळं असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मास्तर ते ढालीसारखं कौतुकाने दाखवीत.

पोशा सातवी पास झाला आणि आता त्याच शाळेत मास्तर आहे. काकूंनी छत्री त्याला दिली. म्हणाल्या, "उन्हापावसाला ती कधी कामाची नव्हतीच." मास्तरांचे दिवस झाल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला त्या सकाळी मी पुळणीवर गेलो होतो. पाणी लांब ओसरलं होतं. मुलं दोरी घेऊन उभी होती. पोशाने ती घेतली नाही. माडावर नजर लावली, छत्रीचं टोक वाळूत टेकवलं आणि चालू लागला. त्याचे दोन्ही पाय धडधाकट. तरी मध्यावर येताच त्याने डावा खांदा टाकला, आणि रेघ सावकाश समुद्राकडे कलली.

"मास्तर, रेघ वाकडी झाली," एक पोरगा म्हणाला.

पोशाने मागे वळून पाहिलं नाही. "हाय ती बरोबर हाय," तो म्हणाला. "आजच्या दिस हिच्यावरच धावा."