नैरोबीच्या उंबऱ्यावरचा नारळ

काल धारगळात शेजाऱ्यांच्या नव्या घरासाठी गाऱ्हाणं घालून नारळ फोडला आणि त्या पाण्याच्या वासासरशी मी नैरोबीतल्या आमच्या उंबऱ्यावर पोचले.

गोवा राज्य झालं, त्या वर्षी ते घर विकून आम्ही गावी परतलो. चावी देण्याआधी यांनी दारात नारळ ठेवून तिथल्या राखणदाराला, त्या जागेच्या रक्षक देवाला, हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा महाराजा, ईस वर्सां आमका संबाळलंस, आता ह्यांका संबाळ." गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं, तिथे ते माझं काम होतं. पण परमुलखात कसला आपला राखणदार, म्हणून मी लाजून गप्प राहिले. घर घेणाऱ्या तिथल्या बाईंनी अर्थ विचारला, उत्तर काय द्यायचं तेही विचारलं. मी सांगताच त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "व्हय महाराजा."

काल सगळ्यांच्या आधी माझाच आवाज निघाला.