बुटाच्या नाडीचा केक

खुर्चीवाल्याच्या घरात केक कापायला कारण लागत नाही, असं शेजारीपाजारी म्हणायचे. ते खोटं होतं. कारण लागायचं, फक्त ते तो कुठूनही उकरून काढायचा. गळका नळ थांबला, केक. हरवलेली छत्री शेजारणीच्या दारामागे सापडली, केक. थोरलीच्या हाताचं प्लास्टर निघालं, केक आणि वर आईस्क्रीम. लोक हसायचे. हसेनात का! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवून देणं हा त्याचा धंदा. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, बसका फोम उपटून काढायचा, खालच्या पट्ट्या ताणून ठोकायच्या आणि वर नवं कापड चढवायचं. दुकान घराच्या बरोबर खाली होतं. हाताला उसंत नसायची, आणि ते बरंच होतं, कारण हात थांबले की डोकं वरच्या मजल्यावर जायचं. वर, आतल्या खोलीत, त्याची बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

ही बाई लोकांना गाडी चालवायला शिकवायची, सांगितलं तर खरं वाटणार नाही. शेजारी शिकाऊ गिऱ्हाईक घामाघूम, आणि ही खिदळतेय, "अहो साहेब, ब्रेक मधला! मधला! आपल्याला घरी जायचंय अजून!" जिन्यात हसली तर खाली दुकानात याचा खिळा वाकडा जायचा. मागच्या वर्षी एका दुपारी ती घरी आली, किल्ल्या ओट्यावर ठेवल्या, "जरा पडते" म्हणाली आणि पडली ती पडलीच. ना ताप, ना कुठे दुखणं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनाचा आजार आहे, वेळ लागेल, घाई करू नका. घाई करू नका! सांगायला काय जातंय? तिचा सख्खा भाऊ एकदा येऊन गेला. चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली, आणि "फार लाड झालेत, दुसरं काही नाही" असं निदान करून चपला घालून चालता झाला.

घरात दोन मुली. थोरली नऊ वर्षांची, तिला बाप मुकादम म्हणायचा, कारण सगळ्यांना कामाला लावायची. धाकटी पाच संपवून सहाला टेकलेली. तिचं नाव भोंगा. ती शाळेतून गल्लीच्या तोंडाशी आली की दुकानात कळायचं, आज वर्गात कोण पडलं आणि कुणी कुणाची पेन्सिल चावली.

या भोंग्यानं एके सकाळी स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधली. पहिल्यांदाच. खुर्चीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, संध्याकाळी तो एक छोटा केक घेऊन आला, त्यावर मेणबत्ती लावली आणि केकशेजारी तो बूट ठेवला. पोरी किंचाळल्या. आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. विस्कटलेल्या केसांनी बायको बाहेर आली, टेबलाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, बुटाला केक? पायमोज्यानं काय पाप केलंय?" आणि हसली. खुर्चीवर बसली, दोन घास खाल्ले, धाकटीच्या नाकाला क्रीम लावलं.

त्या संध्याकाळी खुर्चीवाला मोरीत जाऊन रडला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, पण बुडत्याला काडीचा आधार हेही तितकंच खरं. त्याच्या डोक्यानं घेतलं की हिला आनंद दिसला की ही उठते. मग काय, आनंदाची शोधाशोध सुरू झाली. नळ, छत्री, प्लास्टर. दर खेपेला तो आतल्या दाराशी उभा राहायचा, "अगं, ऊठ ना, पाचच मिनिटं. पोरी वाट बघतायत." ती उठायची. खरंच उठायची. केस बांधायची, टाळ्या वाजवायची, तोंडावर हसू आणायची. मात्र बुटाच्या दिवशीचं ते हसू पुन्हा काही आलं नाही. हा म्हणायचा, येईल, जरा मोठा दिवस हवा.

आणि मोठा दिवस येतच होता. रविवारी धाकटीचा वाढदिवस. यानं जय्यत तयारी मांडली. समोरच्या चपलावाल्याचं कुटुंब, शेजारीण, बायकोच्या हाताखाली गाडी शिकलेल्या दोघी-तिघी, सगळ्यांना आवतण गेलं. तिचा निळा ड्रेस इस्त्रीला टाकला. या वेळी ती हसणारच, आणि एकदा हसली की मागे वळून बघायला नको, असा त्यानं मनाशी हिशेबच मांडला होता. बाहेरची डॉक्टरी, गोळ्या, सगळं त्या एका रविवारावर येऊन टेकलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तो वर आला, ऑम्लेटं केली, पाव भाजले. बायकोची ताटली आत ठेवून आला. मग टेबलाशी बसत म्हणाला, "हं, भोंगाबाई, केक कसला आणायचा? चॉकलेटचा की दुसरा कुठला?"

भोंग्यानं मान खाली घातली. "मला वाढदिवस नको."

"नको? बरी आहेस ना?"

"मला सहाची नाही व्हायचं."

"अगं, ते काय आपल्या हातात असतं होय!" तो हसला. आणि हसता हसता थांबला. ती ओठ मिटून बोलत होती. खुर्चीवाला जन्मभर ओठांत खिळे धरून बोलत आला होता. ओठ न उघडता बोलणारं माणूस तोंडात काहीतरी सांभाळतंय, हे त्याला नाही कळणार तर कुणाला?

"काय आहे गं तोंडात? गोळी? थुंक आधी."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बहिणीकडे बघितलं. मुकादम ताडकन म्हणाली, "काही नाहीये. ती पाव चावतेय."

"मी तिला विचारतोय. आ कर."

धाकटीनं हळूच तोंड उघडलं. खालचा पुढचा एक दात गायब. तिथे नुसती लालसर खाच.

"अगं, दात पडला!" तो उठलाच. "पहिला दात! कधी? आणि बापाला सांगायचं नाही? मुकादम, आण गं डबीतली मेणबत्ती, आत्ताच्या आत्ता..."

"बाबा, नको!" थोरली ओरडली नाही, दबक्या आवाजात म्हणाली, आणि तिनं त्याचा शर्ट धरला. "म्हणूनच नाही सांगितलं. तुम्ही केक आणाल आणि आईला उठायला लागेल."

"मग? उठायलाच हवं ना तिनं?"

"तुम्ही सकाळी खाली जाता, तुम्हाला दिसत नाही." ती दाराकडे बघत कुजबुजत होती. "केकच्या दुसऱ्या दिवशी आई जेवत नाही. आम्ही शाळेतून येतो तेव्हा तोंडात चादर कोंबून रडत असते. मग तिसऱ्या दिवशीपण. मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस, ते इतकं करतात. म्हणून आम्ही ठरवलंय, काही चांगलं झालं तर घरी सांगायचंच नाही."

खुर्चीवाला खाली बसला. त्यानं विचारलं, "आणखी काय काय नाही सांगितलं?"

"मी पळण्यात पहिली आले." थोरलीनं सांगितलं, चोरी कबूल करावी तसं. "हिला सायकल येते. न धरता. चपलावाल्या काकूंना पण सांगितलंय, बोलू नका म्हणून."

सायकल! ती यानंच रंगवून दिली होती, सीट स्वतः मढवलं होतं. रोज विचारायचा, "जमतंय का गं?" आणि ही कार्टी ओठ मिटून मान हलवायची, नाही म्हणून. जगातला सगळ्यात मोठा भोंगा, आणि त्याला गप्प बसवलं कुणी? बापानं. केक आणणाऱ्या बापानं. त्याला वाटलं, स्वतःच्या श्रीमुखात भडकवावी. करायला गेलो काय आणि झालं काय! बायकोला बरं करायला निघालेला हा शहाणा दर आठवड्याला तिला फरफटत बाहेर आणत होता, टाळ्या वाजवायला लावत होता, आणि पोरींना तिसरंच शिकवत होता, की आनंद झाला की लपवायचा. आता याच्यापुढे काय करायचं, हे त्याला सुचेना. हातात होती ती एकच काडी, तीही मोडली. रविवार आहे म्हणून तो आठवडाभर तग धरून होता. आता रविवारनंतर नुसता सोमवार होता.

त्यानं धाकटीला जवळ ओढलं. "दुखलं का गं?"

"थोडंसं. रक्त आलं. मी नाही रडले." मग ती त्याच्या कानाशी लागली. "बाबा, मी पुढच्या वर्षी एकदम सातची होईन. चालेल?"

त्यानं मान डोलावली.

तेवढ्यात आतून पलंग करकरला. बायकोचा आवाज आला, थकलेला, घाबरलेला, "अहो, काय झालं? मेणबत्ती कशाला हवी होती? काही आहे का आज? मी उठू का?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि तिघं एकदमच म्हणाले, "काही नाही!"

"खरंच काही नाही?"

"काही नाही गं," खुर्चीवाला म्हणाला. "आज काही नाही, आणि रविवारीपण काही नाही. तू पड."

मग ती "बरं" म्हणाली. एवढंच. पण अख्ख्या वर्षात, एवढ्या केकांत, इतका सुटल्यासारखा आवाज त्यानं तिच्या तोंडून ऐकला नव्हता. पोरी खाली मान घालून पाव खाऊ लागल्या, धाकटी एका बाजूनं चावत होती, आणि तोही खाऊ लागला.