पाऊण टाकी

टाकी तुडुंब भरून कठड्यावरून पाणी खाली सांडत होतं आणि माझं यंत्र ठामपणे सांगत होतं की टाकी पाऊण भरली आहे. एखाद्या दिवशी चुकलं असतं तर मी समजू शकले असते, पण आठवडाभर रोज तेच. टाकी रिकामी असताना अचूक, अर्धी असताना अचूक आणि पाऊणवर गेलं की हटून बसायचं.

तिसगावच्या पुढच्या एका वाडीतली ही गोष्ट. नगरच्या एमआयडीसीत माझा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक लांब टेबल. पाटीवर ‘आम्ही’ लिहिलंय, टेबलाशी मी एकटीच असते. पाण्याची पातळी मोजणारे ट्रान्समीटर मी बनवते. त्यातला एक या वाडीच्या टाकीवर बसवला होता.

संध्याकाळी सरपंचबाईंचा फोन आला. "ताई, तुमचं यंत्र खोटं बोलतंय. इहिरीला आधीच पानी कमी, त्यात निम्मं वाहून चाललंय. उद्या काय ते बघा, न्हाईतर आमी काढून ठिवतो. पयल्यासारखा मानूस वर चढून बघंल."

माझ्या यंत्राला खोटं म्हटलेलं मला सहन होत नाही, हा माझा स्वभाव. पण त्या रात्री राग बाजूला राहिला, कारण चढणारा माणूस मला ठाऊक होता.

वाडीचं पाणी सोडणारा तो पन्नाशीचा गृहस्थ आदल्या वर्षी त्याच शिडीवरून पडला होता. शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला आणि मांडीत सळई घालावी लागली. यंत्र बसवलं ते त्यानंतर. त्याचं घर टाकीच्या समोरच. वर चढताना तो चपला शिडीखाली काढून ठेवायचा, अनवाणी पायाला लोखंडावर पकड येते म्हणून. त्याच्या बायकोला चुलीपाशी बसून त्या चपला दिसायच्या. चपला दिसताहेत म्हणजे नवरा वर आहे. मी यंत्र बसवायला गेले होते तेव्हा तिनं मला चहा दिला आणि म्हणाली होती, "ताई, एका डोळ्यानं भाकरी बघायची आन् एका डोळ्यानं चपला. पार कट्टाळले हुते मी." यंत्र काढलं तर तो पुन्हा चढणार होता. सळईसकट. तो नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता, आणि हीच काळजी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर आणि पक्कड पिशवीत टाकून निघाले. ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच परतली होती, वाडीतली बंद घरं उघडली होती आणि प्रत्येक दारात हंडे मांडलेले होते.

या यंत्राला वेगळी वीज लागत नाही, हे त्याचं मोठेपण आणि हीच त्याची अडचण. मोटारीच्या पेटीतून दोन तारा निघतात आणि टाकीवर जातात. त्याच दोन तारांतून यंत्र पातळी सांगतं आणि त्यांच्यातूनच स्वतःचं पोट भरतं. टाकी रिकामी असली की त्यातून चार मिलीअँपिअर करंट वाहतो, भरली की वीस. रिकामीला शून्य का नाही, असं मला बरेच जण विचारतात. शून्य सांगायलासुद्धा यंत्र जागं असावं लागतं, आणि ते चार त्याच्या जगण्याचे असतात. इतक्या थोडक्यात संसार करणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. मोटारीची पेटी हा करंट मोजत राहते आणि वीस झाले की मोटार बंद करते. पाऊणवरच अडकलं तर मोटारीला बिचारीला कळणार कसं?

मोटार चालू केली. पाणी चढायला लागलं. पेटीवरचा आकडा शहाण्यासारखा वर गेला आणि पाऊणला थांबला. आता वर, यंत्रापाशी किती व्होल्ट पोचताहेत ते मोजायला हवं होतं.

"मी जातो की," म्हणत पाणी सोडणाऱ्या त्या गृहस्थानं चपला काढल्यासुद्धा. शिडीखाली नीट जोडीनं ठेवल्या. समोरच्या दारात त्याची बायको उभी राहिली. हातातलं पीठ तसंच राहिलं.

"तुम्हाला मीटर वाचता येतो का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग चपला घाला."

जरा तुटकच बोलले, पण दुसरं काही सुचलं नाही. सँडल काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि चढले. मला उंचीची भीती वाटते. शिडी चढून बसवावं लागणारं प्रत्येक यंत्र मी आजवर कुणाकडून तरी बसवून घेतलंय. हे खालच्या कुणाला माहीत नव्हतं आणि सांगायची ती वेळही नव्हती.

वर गेल्यावर कठड्याला एका हातानं घट्ट धरून यंत्राच्या दोन टोकांना मीटर लावला. पेटीतून निघतात चोवीस व्होल्ट. यंत्राला जगायला बारा तरी लागतात. मीटरवर बरोब्बर बारा होते, आणि शेजारी पाणी कठड्याशी आलेलं. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं, ते उपाशी होतं. भरलेली टाकी सांगायला करंट वाढवायचा, करंट वाढला की वाटेत व्होल्टेज गळायचं, आणि यंत्रापर्यंत पोटापुरतंही उरायचं नाही. म्हणून ते पाऊणला थबकायचं. पण गळत होतं कुठं? तार तर मी जाडच दिली होती.

तारांना दोष देणाऱ्यांना मी नेहमी म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. आता अंगणाकडं बोट दाखवायची पाळी माझी होती. खाली बघवत नव्हतं म्हणून लांब बघितलं, आणि ते दिसलं. पेटीतून निघालेली तार सरळ टाकीकडं येतच नव्हती. खांबावरून ती मारुतीच्या पारावर गेली होती, तिथून कौलांवरून सरपंचबाईंच्या ओसरीत, आणि मग एवढी सगळी प्रदक्षिणा करून माझ्या यंत्राकडं.

खाली उतरताना मला हसू येत होतं.

उलगडा सरपंचबाईंनीच केला, त्यांच्या ओसरीत. टाकी भरली की नाही हे एकट्या माणसानं सांगितलेलं वाडीला पटत नव्हतं, म्हणून पारावर सगळ्यांना दिसेल असा आकड्याचा डबा लावला. मग पारावरची माणसं आकडा बघून भांडायला यांच्या दारात यायची, आणि यांना आकडाच ठाऊक नसायचा, म्हणून गेल्या आठवड्यात दुसरा डबा ओसरीत. वायरमननं दोन्ही त्याच तारेत ओवले होते. त्याचंही चूक नाही, एका तारेत असे डबे ओवता येतात. फक्त प्रत्येक डबा आपल्या वाट्याचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ठेवून घेतो.

"तुमचं शेत कुठं आहे बाई?" मी विचारलं.

"मुळेच्या पाटाला. टेलला, पार शेवटाला."

"पाणी येतं?"

त्यांचा चेहराच बदलला. "कुठलं यायला? वरची मान्सं मोटारी टाकून बसल्यात. आमी टेलवाले नुसतं बघायला."

"मग हे यंत्र तुमच्या टेलला आहे," मी म्हणाले. "वर पाराचा डबा आहे, त्याखाली तुमच्या ओसरीचा. तुम्ही दोघं जेवून उठलात की उरलंसुरलं त्याला."

कॉलेजच्या परीक्षेत या उत्तराला मला अर्धेच गुण मिळाले असते. पाटात पाणी चोरीला जातं, इथं दाब कमी होतो. पण सरपंचबाई भिंतीवरच्या डब्याकडं बघत राहिल्या. लाल आकडा होता, आणि वर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं.

"पारावरचा काढला तर लोक आमाला सोडनार न्हाईत," त्या शेवटी म्हणाल्या. "ह्यो काढा. मी पारावर जाऊन बघत जाईन. लई दिवसांत तिकडं गेलेबी न्हाई."

आतून त्यांच्या यजमानांचं काहीतरी कुरकुरणं ऐकू आलं. बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही, आणि मला त्या तिथंच आवडून गेल्या.

ओसरीतला डबा सोडवला, तार जोडली. लोकांनी हंडे भरले, टाकी उतरली, मग पुन्हा मोटार चालू केली. त्या दुपारी मी त्या आकड्याकडं जितक्या भक्तीनं बघितलं तितक्या भक्तीनं देवाकडंही कधी बघितलेलं नाही. अर्धी झाली. पाऊण झाली. आकडा थांबला नाही. पाऊणच्या वर गेला, आणखी वर, आणि मग पेटीत खट् झालं आणि मोटार थांबली. मी कठड्याकडं बघितलं. पाण्याचा एक थेंब खाली आला नाही. आठवडाभराचं ओझं कुणीतरी पाठीवरून उतरवून घ्यावं तसं झालं मला, आणि मी तिथंच पेटीच्या ओट्यावर बसले.

मोटारीचा आवाज अचानक बंद झाला म्हणून समोरच्या घरातून ती पदराला हात पुसत धावत बाहेर आली. तिनं आधी शिडीखाली बघितलं. तिथं काही नव्हतं. मग तिनं नवऱ्याला शोधलं. तो पेटीसमोर उभा होता, चपला पायात, दोन्ही हात मागं बांधलेले.

"बंद झाली," तो तिला म्हणाला. "मी न्हाई केली."

ती त्याच्या पायांकडं बघत राहिली. मग मला म्हणाली, "ताई, भाकरी टाकते. आज निवांत बसून टाकते."