संडासाच्या खड्ड्यातली बाटली

खापरं उकरून मेलेल्यांचा संसार सांगणारे विद्वान असतात म्हणे. फणसवाडीत आमचा संसार आम्ही जिवंत असतानाच उकरला गेला, तोही संडासाच्या खड्ड्यातून.

प्लेगचं पहिलं वर्ष. धाकट्या वन्सं तापानं फणफणत कोठीच्या खोलीत पडलेल्या, दाराला तांदळाची पोती लावलेली. घरोघर रोगी शोधणाऱ्या सरकारी पथकाला सुगावा लागला तर इस्पितळ. आणि तिथून परत आलेलं माणूस वाडीत कुणी पाहिलं नव्हतं. ओळखीच्या डॉक्टरानं चमचा चमचा ब्रँडी पाजायला सांगितली होती. रिकामी बाटली भटाच्या घरातून उकिरड्यावर कशी टाकायची? सासूबाईंनी ती संडासात टाकली. तिथं कोण बघतंय!

दुसऱ्याच सकाळी पथक आलं आणि गोऱ्या साहेबानं नेमका तो खड्डा उपसायला लावला. निघालं ते अंगणात ओळीनं मांडलं. तळातून आलेली जुनी बोळकी एका टोकाला, मग आम्हा बायकांच्या चोरट्या चहाच्या कानतुटक्या कपबश्या, आणि दुसऱ्या टोकाला, सगळ्यात वरची म्हणून, ती बाटली. तिचा कागदही सुटला नव्हता. सारी वाडी बघायला लोटली होती. मेल्यांना दुसरा उद्योग नव्हता.

साहेबानं बाटलीचं बूच काढून हुंगलं. दुभाषा म्हणाला, "साहेब विचारतात, बाटली ताजी आहे. घरात आजारी कोण?"

तेवढ्यात आत वन्सं खोकल्या. सासूबाईंनी मोठ्यानं भांडं आपटलं, तरी दुभाषा दाराकडे वळलाच.

मामंजी आडवे आले. नळाचं पाणी बाटतं म्हणून विहिरीचंच पिणारे, निम्म्या वाडीचे उपाध्याय.

"आजारी कुणी नाही," ते म्हणाले. "मी पितो."

"तुम्ही, भटजी?"

"रोज पितो. सांगा तुमच्या साहेबाला."

साहेब हसला. वाडी हसली नाही. पथक पुढच्या घरी गेलं.

वन्संचा ताप आठवड्यानं उतरला. पण मामंजींना पुन्हा कुणी सत्यनारायणालासुद्धा बोलावलं नाही. साथ ओसरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता तरी खरं सांगू या लोकांना."

"आणि पोरीला प्लेग झाला होता म्हणतील, तर? तिला नांदवील कोण?" मामंजी म्हणाले.

मग वन्संना सासरी धाडायचा दिवस आला. दारुडा बाप सोबत नको, असं व्याह्यांनी आधीच कळवलं होतं. मामंजी वाडीच्या तोंडापर्यंत गाडीबरोबर चालत गेले आणि तिथूनच परत फिरले.