मागच्या सीटचं माप

मी आयुष्यात एकदाच मुलगी पाहायला गेले, आणि तेही घरून मोटरसायकल पाहायला म्हणून निघाले होते.

आमचं घर गोंडपिपरीचं. बाबा निवृत्त शिक्षक. मला आठवतं तेव्हापासून घरात धानाच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, भानामतीविरुद्ध. त्यांच्याच कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि मोठेपणी स्वतःच पत्रकं लिहू लागले. त्यातलं सगळ्यात जास्त खपलेलं (म्हणजे आठवडी बाजारात भजी बांधायला सगळ्यात जास्त वापरलेलं) पत्रक म्हणजे ‘मुलगी म्हणजे बाजारातला बैल नव्हे’. पोहे-चहा करून मुलगी दाखवण्याच्या रितीवर मी त्यात असे आसूड ओढले होते, की लिहितालिहिता माझाच हात भरून आला.

तर अशा मला स्पोर्ट मोटरसायकल हवी होती. त्या प्रकारातली सगळ्यात स्वस्त, पण स्पोर्ट. तत्त्वाच्या दृष्टीनं याचं समर्थन तयार होतं: गाडीवर बाई पुढे, पुरुष मागे, म्हणजे केवढी क्रांती. खरं कारण एवढंच की ती लाल होती.

अडचण मागच्या सीटची होती. डोळे अधू झाल्यापासून बाबा दवाखान्यात, विहारात, लग्नाकार्यात माझ्याच मागे बसून जातात. त्यांनी अट घातली.

“चालवशीन तू, पण बसाचं मले हाय. मी बसून पाहीन. जमलं त घे, नाईत नाई.”

बल्लारपूरच्या शोरूमचा मालक बाबांचा जुना विद्यार्थी. त्यानं दाखवायची गाडी आख्ख्या दिवसासाठी दिली आणि वर म्हणाला, “सर, परफॉर्मन्स पाहा फक्त.”

परफॉर्मन्स खरोखर जोरदार होता. गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडत. ट्रकांना मागे टाकताना मला आपण एखाद्या मोर्च्याच्या अग्रभागी आहोत असं वाटे. माझ्या मनगटांना कळ लागली, मान आखडली, पण लढ्यात एवढं चालायचंच. मागे मात्र बाबांची सीट पोळपाटाएवढी, माझ्यापेक्षा हातभर उंच आणि पुढे उतरती. पाय ठेवायची जागा इतकी वर की त्यांचे गुडघे बरगड्यांना लागलेले. दर ब्रेकला ते घसरत यायचे आणि त्यांची हनुवटी माझ्या हेल्मेटवर टककन आपटायची.

“कसं वाटून राह्यलं, बाबा?”

“झाडावर बसल्यासारखं.”

“अजून सवय नाई तुम्हाले.”

“सवय त वानराले असते.”

गोंडपिपरी मागे टाकून आम्ही आष्टीच्या रस्त्याला लागलो, कारण खड्ड्यांत गाडी कशी वागते तेही पाहायचं होतं. एका गावाशी बाबा म्हणाले, “थांब. माह्ये पाय कुठी हायेत ते कळून नाई राह्यलं.”

मी समोरच्याच घरापुढे गाडी उभी केली. अंगण ताजं सारवलेलं, रांगोळी घातलेली, खाटेवर कोरी चादर. बाबा माझ्या गळ्यात हात घालून कसेबसे उतरतायत तोच घरधनी धावत आले.

“या जी, या. उन्हाचे आले. बसा, पहिले पाणी घ्या.”

आमच्या भागात पाणी-चहा झाल्याशिवाय पाहुण्याला ‘कोण, कुठचे’ असं विचारत नाहीत. ते उद्धटपणाचं समजतात. त्यामुळे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. पोह्यांच्या बश्या आल्या. मी मनात म्हटलं, काय ही माणुसकी! वाटसरूलासुद्धा पोहे.

मग डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी चहा घेऊन आली. तिची खाली घातलेली मान पाहिली आणि माझ्यातलं पत्रक जागं झालं.

“नाव काय तुझं?”

“शीतल.”

“शिक्षण?”

“बी. ए.”

“पुढे का नाही शिकलीस?”

ती आईकडे पाहू लागली. मी म्हटलं, “आईकडे नको पाहूस. तुला स्वतःचं मत आहे की नाही?” (घरी मी आमच्याच बोलीत बोलते, पण कुणाचा उद्धार करायचा झाला की तोंडातून छापील मराठी येते.)

“हाय जी,” ती पुटपुटली.

“गाडी चालवता येते?”

“नाई.”

“का नाही? मनात आणलं तर काय येत नाही?”

घरधन्यांनी घाम पुसला. बाबा पोहे खाण्यात गुंतले होते. पाय जागेवर आल्याच्या आनंदात त्यांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा जाड, वयस्कर आणि आधीपासून विरोधी पक्षात. सीटची खरी परीक्षा घ्यायला निःपक्ष माणूस हवा.

“शीतल, तुझी उंची किती?”

“पाच फूट एक.”

“आणि वजन?”

उत्तर तिच्या आईनं दिलं, तेही हात जोडून.

“जराशी बारीक हाय बाई, पण कामाले कणखर हाय. भरन पुढं.”

“बारीकच बरी,” मी म्हटलं. “जड असली की मागून दबते.”

माउलीला काय कळलं असेल ते तिचं तिला ठाऊक. मी सस्पेन्शनबद्दल बोलत होते. “जरा गाडीपर्यंत चालून दाखव,” मी शीतलला म्हटलं. ती चालली. “बस आता. एका अंगानं नको, दोन्हीकडे पाय टाक. उतर. परत बस. गुडघे दुखतात? पाठ ताठ ठेव पाहू.” शेजारपाजारच्या बाया कुडाशी जमल्या होत्या. त्यातली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “आमच्या टायमाले नुसतं चालाले लावत. आता गाडीवर बसवून पाह्यतेत.”

हे वाक्य मी कानांनी ऐकलं. तरी कळलं नाही. मी गाडी सुरू केली आणि शीतलला हातपंपापर्यंत एक फेरी मारून आणली. ब्रेक दाबताच तिचीही हनुवटी टककन माझ्या हेल्मेटवर.

परत आलो तेव्हा अंगणात जीप उभी होती. टोप्या घातलेले तीन-चार पुरुष, एक बाई, आणि नवा शर्ट घातलेला, घडीचा रुमाल हातात धरलेला एक तरुण. तो आपल्या होऊ घातलेल्या बायकोला लाल स्पोर्ट गाडीवरून उतरताना बघत होता.

“हे पाव्हणे,” जीपमधून त्यांच्यासोबत आलेला लग्नाचा मध्यस्थ घरधन्यांना म्हणाला, आणि मग माझ्याकडे बोट करून, “आन् हे कोण?”

घरधन्यांनी बाबांकडे पाहिलं. “तुम्ही कोण जी मंग?”

बाबांचा हात पोह्यांच्या बशीवर तसाच राहिला. “आम्ही... गाडी पाहाले निघालो होतो.”

“आमच्या घरी?”

माझ्या कानांच्या पाळ्या एवढ्या तापल्या, की हेल्मेट काढायचा धीर होईना. काच खाली ओढून मी आतूनच माफी मागितली. स्त्रीच्या प्रतिष्ठेबद्दलही काही बोलले, पण बाहेर नुसतं घूंघूं ऐकू आलं असावं.

खऱ्या पाहुण्यांमधली बाई, म्हणजे मुलाची आई, पुढे झाली. तिनं शीतलच्या डोक्यावरून हात फिरवला. “उन्हात काऊन उभी हायेस माय? बस. आम्ही काई विचारत नाई. तुलेच आमच्या पोराले काई विचाराचं असन त विचार.”

शीतलनं पदर सावरला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला विचारलं, “वजन किती हाय?”

सगळं अंगण हसलं. मुलगाही. मी हेल्मेटच्या आत होते म्हणून बरं.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, हा वेगळा छळ. बाबा परत त्या सीटवर बसायला तयार नव्हते. ते रस्त्याच्या कडेला एसटीची वाट पाहत उभे राहिले आणि मी एकटी ती गाडी परत करायला निघाले. (पुढे आम्ही लांब, सपाट सीटची साधी काळी गाडी घेतली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, आणि तोच तिचा गुण.)

निघताना शीतल फाटकापर्यंत आली. मी पुन्हा माफी मागितली, या वेळी काच वर करून.

“राहू द्या ताई,” ती म्हणाली. “पण खरं सांगू? तुम्हाले पाहून मी मनात पक्कं करून टाकलं होतं. नणद अशी असन त लग्नच नाई करत म्हटलं. आष्टीले खोली करतो आन् एम. ए. करतो. मंग हे लोक आले. चांगले वाटले. होय म्हटलं मी.”

इतकी वर्षं पत्रकं वाटून मला एकाही मुलीचं लग्न थांबवून तिला शिकायला पाठवता आलेलं नाही. नणद होऊन मी ते काम एका बशी पोह्यांत उरकत आणलं होतं, पण ऐन वेळी भली माणसं आली आणि सगळा घोटाळा झाला.