'वाढदिवस' नावाचा रंग

मुरुम गावच्या बाजारपेठेत शांतलिंगचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथं नंदा सहा वर्षं डिझायनर आहे. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो पाठवतं, काउंटरवर कोपरं टेकतं आणि सांगतं, "ताई, जरा उजळ करा." इतक्या जणांनी सांगितलं, की शेवटी तिनं चेहऱ्यांसाठी एक गोरा रंग संगणकात साठवूनच ठेवला. पहिल्यांदा तो एका वाढदिवसाच्या फ्लेक्सला वापरला होता, म्हणून त्याचं नाव 'वाढदिवस'. मेलेल्या माणसांनाही तोच लागायचा.

घरी मात्र ती कागदावर काढायची. पुण्याच्या एका प्रकाशनानं मुलांच्या चित्रकथांसाठी नमुने मागवले होते. सलग पाच पानं, शिवाय मुख्य पात्र समोरून, बाजूनं आणि पाठीमागून. नंदाचं पात्र ठरलेलं होतं. तिची आई बनाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. गोष्टीतली मावशीही खिचडीच शिजवायची, आणि शिजवता शिजवता शाळेतल्या चोऱ्या शोधून काढायची. पहिलीच चोरी मावशीच्या झाऱ्याची.

महिनाभर खपून तिनं पाच पानं काढली आणि आईपुढं मांडली. बनाबाईनं ती एकेक करून पाहिली.

"ही समदी फोटो काढायला उभी हायती का?"

"म्हंजे?"

"झारा चोरणाराबी माझ्याकडंच बघतोय की. चोर असा बघतोय व्हय?"

नंदाला हसू आलं, मग लाज वाटली. सहा वर्षं फ्लेक्सवर माणसं चिकटवून हात तसाच वळला होता. पाचही पानांवर सगळे समोर तोंड करून उभे. मावशी तर हात जोडून.

ती पानं फाडून नंदा पुन्हा बसली. रविवारी आईला अंगणात उभं केलं. समोरून झालं, बाजूनं झालं. पाठ फिरवायला सांगितल्यावर बनाबाई कुरकुरली, "पाठमोरी मला कोण बघतंय?" तरी उभी राहिली. पदर खोचलेला, उजवा खांदा जरा खाली. वीस वर्षं खिचडीचं पातेलं ढवळून तो उतरलेला. नंदानं तो तसाच काढला. रंगासाठी आईचा हात दुपारच्या उन्हात स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. तपकिरीत निळ्याचा थेंब घालायचा, ठिपका आईच्या मनगटावर लावून बघायचा, पुसायचा. तिसऱ्या खेपेला ठिपका दिसेनासा झाला.

नवी पानं बघता बघता बनाबाईनं स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "नाक लई मोठं काढलंस." दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला ठाऊक झालं होतं, की बनाबाई पुस्तकात येणार.

पानं स्कॅन करून पाठवल्यावर वीस दिवसांनी प्रकाशनातून संपादक अर्पिता मॅडमचा फोन आला. नंदा दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

"नंदाताई, तुमची रेष फार बोलकी आहे. आम्हाला आवडलंय. फक्त मावशी थोडी उजळ कराल का? छपाईत काळपट येतं."

"मी छपाईतच काम करते, मॅडम. हा रंग नीट येतो. मी प्रिंट काढून बघितलाय."

"तसं नाही हो. मुलांना ती आपलीशी वाटली पाहिजे ना."

कुठल्या मुलांना, हे विचारायचं नंदाच्या ओठावर आलं होतं. ती म्हणाली, "बघते."

आत आल्यावर शांतलिंगनं विचारलं, तिनं सांगितलं.

"मग कर की. दिवसभर आपण दुसरं काय करताव?"

"ती माझी आई हाय."

"गिऱ्हाइकाचीबी आईच असती की गं." तो कुत्सितपणे बोलला नव्हता. यंत्रात फ्लेक्सचं कापड भरता भरता सहज बोलला होता.

दोन दिवस तिनं फाइल उघडली नाही. तिसऱ्या दिवशी पाचही पानं संगणकात उघडली आणि 'वाढदिवस' निवडला. चुलीपुढची, झारा शोधणारी, पाठमोरी, सगळीकडची मावशी एका दमात गोरी झाली. खांदा तेवढा उतरलेलाच राहिला. पानं पाठवली आणि पहिल्या पानाची एक प्रत घरी आणली.

"ही कोण?" बनाबाईनं विचारलं.

"तूच."

बनाबाईनं हात पदराला पुसले, मग कागद हातात धरला. "व्हय? बरी दिसती की मी." त्याच दिवशी तिनं कागद शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणला आणि भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला.

उत्तर महिन्यानं मेलवर आलं. 'मावशी आता छान दिसते. पण खिचडी शिजवणारी वाटत नाही. विषयातला गावाकडचा अस्सलपणा हरवला आहे. सध्या घेता येणार नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

नंदानं ते दोनदा वाचलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ट्रंकेतून कागदावरची मूळ पानं काढली. त्यातलं पहिलं घेऊन ती भिंतीपाशी गेली आणि लॅमिनेट केलेल्या कागदाच्या टाचण्या काढू लागली.

"ते कशाला काढतीस?" बनाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"हे लावते. हे खरं हाय."

बनाबाईनं मान वळवून तिच्या हातातल्या पानाकडं पाहिलं. तोच खांदा, तेच नाक, तोच उन्हात जुळवलेला रंग.

"ते नगं," ती म्हणाली. "बाया येत्यात, बघत्यात. हेच ऱ्हाऊ दे. आन् पुस्तक कवा येतंय?"

नंदानं टाचण्या परत दाबल्या. कागद जरा वाकडा बसला होता, तो सरळ केला.

"येईल," ती म्हणाली.