अविनाशने सोडवलेला खांदा

फिजिओथेरपीला मी फक्त दोनदा गेलो होतो. एवढीशी गोष्ट, पण आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा. ती ज्या एकट्या माणसाला ठाऊक होती, तो अविनाश महिन्याभरापूर्वी गेला. कॉलेजपासूनचा माझा मित्र. कामावर पोचला आणि पार्किंगमध्ये गाडीतून उतरताना कोसळला. मेधा वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. उचलला नाही. बातमी नंतर इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर वाचली...

चारेक वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. हात खांद्याच्या वर जाईना. सीट बेल्ट ओढताना डोळ्यांत पाणी यायचं, शर्ट घालायला बायको लागायची. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हणून फिजिओथेरपी लिहून दिली. दोनदा गेलो, तिसरी अपॉइंटमेंट कामापायी कॅन्सल केली आणि मग गेलोच नाही. त्याच सुमारास अविनाशची चिप कंपनीतली नोकरी गेली होती. रिकामपणात त्याचेही मान-खांदे धरले, म्हणून तो आमच्या चँडलर शहरातल्याच मिसेस लिन यांच्याकडे चिनी मालिश घ्यायला जाऊ लागला. याला तुइना म्हणतात. बरं वाटलं तसा तो त्यांच्याकडेच ते शिकू लागला. घरच्यांना वाटलं, वेळ घालवतोय.

"शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये ये," तो मला म्हणाला, "आणि लाजू नकोस. तुझं पोट मी हॉस्टेलपासून पाहतोय."

गॅरेजमध्ये त्याने एक घडीचं टेबल मांडलं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडची गॅरेजं भट्टीसारखी तापतात, म्हणून पहाटेच जायचो, कोपऱ्यात पंखा घरघरत असायचा. तेल नाही, काही नाही. अंगावर पातळ चादर टाकून तो मुठीची मागची बाजू खांद्यावरून लाटल्यासारखी फिरवत राहायचा, बराच वेळ. मग अंगठ्याने एकेक जागा शोधून तिथेच दाबून धरायचा. शेवटी मनगट धरून हात हलकेच ओढायचा आणि झटकल्यासारखा हलवायचा. "श्वास सोड रे, समोर बॉस नाहीये," म्हणायचा. किंवा, "तुझा खांदा म्हणजे जुना कोड आहे यार, इथे हात लावला की तिकडे एरर." दुखलं तर लगेच थांबायचा. मी त्याला पूर्वी कशावरही असं लक्ष लावून काम करताना पाहिलं नव्हतं, परीक्षेतसुद्धा नाही. घरी मी फिजिओथेरपीला जातो असंच सांगत होतो. मित्राच्या गॅरेजमध्ये पालथा पडून अंग रगडून घेतो, हे सांगायचं कसं? हळूहळू हात वर जायला लागला. केस विंचरता यायला लागले.

अविनाशला आता रीतसर मसाज थेरपीचा कोर्स करायचा होता. वहिनींना ते पटत नव्हतं. एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला मंडळातली चार माणसं होती, तिथे विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "अवि, पाटी काय लावणार? येथे खांदे दाबून मिळतील?" सगळे हसले. मीही हसलो. वहिनी मात्र हसल्या नाहीत. भात वाढता वाढता थांबून म्हणाल्या, "सुहास, तुम्ही खरं सांगा. हा म्हणतो, तुमचा खांदा याच्यामुळे सुटला. तुम्ही हो म्हणालात, तर मी पुन्हा या विषयावर एक शब्द बोलणार नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नुकताच कंपनीत डायरेक्टर झालो होतो, आणि त्या टेबलावर पडलेलं माझं शरीर मला त्या सगळ्यांच्या नजरेतून दिसलं.

"फिजिओथेरपी चालू होती ना," मी म्हणालो. "तिनेच फरक पडला असावा."

अविनाशने माझ्याकडे पाहिलं आणि कोशिंबिरीचं भांडं पुढे सरकवलं. निघताना तो गाडीपर्यंत आला. म्हणाला, "भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सोडू नकोस. नाहीतर परत धरेल."

पुढच्या महिन्यात त्याने दुसऱ्या कंपनीत पाळ्यांची नोकरी धरली. गॅरेजमध्ये मी पुन्हा गेलो नाही, त्यानेही बोलावलं नाही. भेटत राहिलो, मॅचेस पाहिल्या, मुलांच्या कॉलेजांबद्दल बोललो. तो विषय कुणीच काढला नाही.

खांदा मालिशनेच सुटला, असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. असा खांदा कधीकधी आपोआपही सुटतो म्हणतात. नोकरीने त्याचा जीव घेतला, असंही म्हणणार नाही. हृदय कुठेही बंद पडू शकतं. पण जी फिजिओथेरपी मी घेतलीच नव्हती, तिला मी श्रेय दिलं, आणि माझ्या एका शब्दावर काय अवलंबून होतं ते कळत असताना दिलं.

तो गेल्यावर आठवड्याभराने त्यांच्याकडे गेलो. आलेली माणसं पांगली होती. वहिनी चहा घेऊन समोर बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी खरं बोललात, ते बरं केलंत. नाहीतर मला जन्मभर वाटत राहिलं असतं, की त्याच्या मनासारखं मीच काही करू दिलं नाही..."

मी चहा प्यायलो. कप ठेवला. "येतो," म्हणालो आणि निघालो. म्हणजे दुसऱ्यांदाही तेच केलं.

हे लिहिणं सोपं आहे, वाचणारा समोर नसतो. छापून येण्याआधी मला त्यांच्या घरी जायचं आहे. एक वाक्य त्यांना सांगायचं राहिलं आहे: वहिनी, तुम्ही त्याला अडवलं नाहीत, मी अडवलं.